पुठ्ठ्याचं मॉडेल की थ्रीडी प्रिंट?

माध्यमिक शाळेत प्रॉडक्ट डिझाइन घेतलेल्या मुलांपुढे हा प्रश्न लवकरच येतो: कल्पना हाताने घडवायची की संगणकावर काढून प्रिंट करायची? माझ्या मते सुरुवात पुठ्ठ्यानेच व्हावी.

समजा, कपाचा कान डिझाइन करायचाय. पुठ्ठा कापून, वर कागदी टेप गुंडाळली की काही मिनिटांत तो हातात येतो. दोन बोटं आत जातात, तिसरं बाहेरच राहतं, हे धरताक्षणी कळतं. मग कडा थोडी कापायची, पुन्हा धरून बघायचं. एका तासिकेत तीन-चार आकार सहज होतात. प्रत्येकाचा फोटो वहीत चिकटवला की विचार कसा बदलत गेला, ते तपासणाऱ्यालाही दिसतं. स्क्रीनवर तोच कान कितीही देखणा दिसो, बोटांना त्यातून काही कळत नाही. (कटर वापरताना स्टीलची पट्टी आणि खाली कटिंग मॅट हवीच.)

झाकण डबीवर घट्ट बसवायचं असेल, तर मात्र पुठ्ठा कामाचा नाही. तिथे थ्रीडी प्रिंटच हवा. प्लॅस्टिकचे साधारण ०.२ मिमीचे थर एकावर एक चढतात, त्यामुळे माप बरंच नेमकं मिळतं. पण छोट्या भागालाही तास-दोन तास लागू शकतात, आणि वर्गात एकच प्रिंटर असला की रांग लागते. शिवाय वस्तू थरांच्या जोडावर लवकर तुटते, म्हणून ती उभी छापायची की आडवी, हे आधीच ठरवावं लागतं.

सॉफ्टवेअर जरूर शिका, पण मापं हातात पक्क्या झालेल्या पुठ्ठ्यावरून घ्या.