थारला स्नॉर्केल आणि प्री-क्लीनर: दहा महिने, चौदा हजार किलोमीटर

परवा पोळा झाला. थारला स्नॉर्केल (इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी) आणि प्री-क्लीनर (हवेतली जाड धूळ आधीच वेगळी काढणारी वाटी) बसवायचं काम मी मागच्या दिवाळीनंतर लगेच करून घेतलं होतं, म्हणजे दहा महिने होत आले. गाडी 2016 ची थार सीआरडीई, 2498 सीसीचं डिझेल टर्बो. माझा धंदा ठिबकचा. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात केळी-कापसाच्या शेतांवर संच बसवायचे, जुने दुरुस्त करायचे. त्यामुळे या चौदा हजारांतले निम्मे किलोमीटर तरी शिवाररस्त्यांचे आहेत. रविवारी जमलं तर सातपुड्यातलं पाल, नाहीतर तोरणमाळ.

स्नॉर्केल दिसलं की जो तो पाण्याचंच विचारतो. पहिल्याच दिवशी गल्लीतल्या काकांनी हाक मारली, "भो, हाई काय लाई ऱ्हायना गाडीले? तापीमा उतारशी का?" मला तापीत गाडी घालायची नव्हती. मला गाडीचं नाक फुफाट्यातून वर काढायचं होतं.

आपल्याकडची काळी माती वाळून चाकांखाली दळली गेली की पिठासारखी होते. एप्रिल-मेमध्ये केळीच्या गाड्या जाऊन जाऊन शेतरस्त्यावर घोटाभर फुफाटा साचतो. पुढे एखादी ट्रॉली असली की काच चढवूनही दातांखाली माती येते. त्याच हवेत इंजिन श्वास घेतं. एक लिटर डिझेल जाळायला दहा हजार लिटरच्या वर हवा लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त ओढतं. म्हणजे दहा बाय बाराची खोलीभर धुळीची हवा तीन लिटर डिझेलमध्ये संपते. ही धूळ गाळणीतून निसटली की आधी टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, पात्यांना लागते, मग सिलिंडरचा लायनर आणि पिस्टनच्या रिंगा खाते. नंतर गाडी ऑइल प्यायला लागते आणि धूर मारते.

तरी मी सुरुवात चुकीच्या टोकापासून केली. आधी एक तेल लावलेला कापडी कोन फिल्टर आणला, मूळ एअर क्लीनरचा डबा काढून उघड्यावर बसवला. विकणाऱ्याने पिकअप वाढेल म्हणून सांगितलं होतं. आवाज वाढला, टर्बोची शीळ छान ऐकू येऊ लागली, आणि चार दिवस मलाही वाटलं की गाडी हलकी झाली. पण बोनेटच्या आतली गरम हवाच इंजिनात जात होती. बाहेर 43 अंश असताना संथ चालीत कोनाजवळ थर्मामीटरचा प्रोब धरला तर 68 दिसले. गरम हवा विरळ असते, मग पिकअप कुठून वाढणार? खरा धक्का तीन हजार किलोमीटरनंतर बसला. फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा होज काढून आत बोट फिरवलं. बोट मातकट झालं. दोन बोटं एकमेकांवर घासली तर दाणे करकरले. फिल्टरच्या स्वच्छ बाजूला हे. त्याच संध्याकाळी कोन काढला आणि माळ्यावरून जुना डबा उतरवला. कोरड्या थंड प्रदेशात किंवा डांबरी रस्त्यावर तो फिल्टर चालतही असेल, खान्देशच्या शिवारात मी तो कुणाला लावू देणार नाही. शिवाय तेल जास्त झालं तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो, त्यावर ते बसतं ते वेगळंच.

मग मी धंद्याच्या डोक्याने विचार केला. बोअरचं पाणी वाळू आणत असेल तर आम्ही ठिबकला आधी हायड्रोसायक्लोन लावतो. पाणी आत गरगर फिरतं, वाळू कडेला फेकली जाऊन खालच्या डब्यात बसते, आणि मग ते पाणी स्क्रीन नाहीतर डिस्क फिल्टरला जातं. पहिला टप्पा वगळला तर दुसरा रोज चोंदतो. हे मी इतक्या शेतकऱ्यांना सांगितलंय की झोपेतही सांगेन. हवेचंही तेच आहे. घरच्या ट्रॅक्टरच्या नळीवर पारदर्शक वाटीचा प्री-क्लीनर लहानपणापासून बघत आलो, वाटी भरली की ओतायचं काम माझंच असायचं. म्हणून ठरवलं, मूळ डबा आणि त्यातलं कागदी एलिमेंट, म्हणजे गाळणी, तसंच ठेवायचं, त्याच्या आधी छतापर्यंत उंच स्नॉर्केल आणि त्याच्या डोक्यावर वाटीचा प्री-क्लीनर. फिटिंग धरून साडेचौदा हजार गेले.

वाटी हा या सगळ्यातला माझा सर्वात आवडता भाग. मार्चमध्ये गहू काढणीच्या वेळी ती पहिल्यांदा पूर्ण भरलेली पाहिली. खाली काळा थर, त्यावर सातपुड्याच्या पायथ्याचा तांबूस मुरूम, वर गव्हाचं भूस आणि मधेच चकाकणारे वाळूचे कण. आठवडाभर कुठे कुठे फिरलो त्याची नोंदच म्हणा. हे सगळं आधी एलिमेंटवर जाऊन बसत होतं. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी वाटी ओतावी लागते, पावसाळ्यात महिन्यात एकदा. कंटाळा केला आणि वाटी काठोकाठ भरली तर फिरणारी हवा तीच धूळ उचलून परत आत नेते. अगदी बारीक धूळ मात्र वाटीत पडत नाही, ती कागदालाच अडवावी लागते. गाडी नुसती उभी चालू असेल तर हवेला वेग नसतो, तेव्हाही वाटीचा फारसा उपयोग नाही. हायवेवर नव्वदच्या पुढे डोक्याशी घोंघावण्याचा आवाज येतो. मला चालतो, बायकोला नाही.

आता तक्रार. बॉडीत भोक पाडून स्नॉर्केल डब्याला जोडणारा रबरी कोपर ज्या गॅरेजने बसवला, त्यांनी क्लॅम्प एका बाजूला अर्धवट आवळला होता. बाहेरून दिसत नव्हतं. मी होजच्या आत, फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे, बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर लावून पाचशे किलोमीटर फिरलो. पलीकडचं ग्रीस स्वच्छ निघालं, म्हणजे एलिमेंट नीट काम करत होतं. कोपराजवळच्या ग्रीसवर मात्र एका बाजूला चंद्रकोरीसारखा मातीचा पट्टा होता. तिथून बोनेटमधली धूळ आणि उष्ण हवा स्नॉर्केलला टाळून सरळ डब्यात शिरत होती. साडेचौदा हजारांचं काम आणि चाळीस रुपयांच्या क्लॅम्पपाशी वाया! कोपर काढून नव्याने बसवला, दोन्ही टोकांना रुंद क्लॅम्प लावले, मग तो पट्टा गेला. कुणाकडूनही काम करून घ्या, ग्रीसची ही परीक्षा स्वतः करा. फिल्टरच्या पुढच्या सांध्यात अशी फट असती तर ती धूळ न गाळता थेट टर्बोत गेली असती.

एलिमेंट कधी बदलायचं? पूर्वी किलोमीटरवर बदलायचो. ठिबकमध्ये आम्ही फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा गेज बघतो, फरक वाढला की धुतो, तारीख बघत नाही. तसाच रिस्ट्रिक्शन इंडिकेटर मिळतो, ट्रक-ट्रॅक्टरवर असतो तो. फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या नळीवर बसतो, ओढ किती वाढली ते पाण्याच्या इंचांत (दाबाचं एक माप) दाखवतो आणि सर्वात जास्त आकड्यावर अडकून राहतो, बटण दाबलं की परत खाली. माझ्यावर 25 इंचांना लाल पट्टा आहे. नव्या एलिमेंटला 10 च्या आसपास असतं, मी 20 ला बदलतो. आधी एलिमेंट चार हजारांत काळंठिक्कर व्हायचं, आता नऊ हजारांपर्यंत गेलं. पंक्चरवाल्याकडच्या कंप्रेसरने ते फुंकणं मी बंद केलंय. एवढ्या दाबाने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. आणि थोडं मळलेलं एलिमेंट नव्यापेक्षा बारीक धूळ जास्त अडवतं, कारण साचलेली धूळच गाळणी होते. सारखं काढून झटकण्यात नुकसानच आहे.

ताकद वाढली का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. ॲव्हरेजही तेच, बारा. एवढं मात्र खरं की मे महिन्यात सातपायरीच्या घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी पूर्वीसारखी दमत नाही. थर्मामीटरचा तोच प्रोब डब्याच्या तोंडाशी धरला तर बाहेरच्यापेक्षा तीनच अंश जास्त दाखवतो.

पाण्याचं एकदाच काम पडलं. कानबाईच्या रविवारी सासुरवाडीहून परतताना नाल्यावरच्या फरशी पुलावर गुडघाभर पाणी होतं. चालत जाऊन खोली बघितली, मगच गाडी घातली. स्नॉर्केल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच गाड्यांत एअर क्लीनरच्या डब्याला तळाशी पाणी निथळायची रबरी झडप असते, ती उघडी राहिली तर स्नॉर्केल असूनही पाणी तिथून शिरतं. एक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (आतली हवा जायची-यायची तोंडं) खालीच असतात, गरम एक्सल गार पाण्यात गेला की त्यातून पाणी ओढतो. इंजिनात पाणी गेल्याची शंका जरी आली तरी पुन्हा सेल्फ मारू नका, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

कायद्याचंही आधी बघा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा ठरेल असा बदल चालत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. आरटीओत आधी विचारून घ्या. वॉरंटीतल्या गाडीला तर भोक पाडूच नका. नवी गाडी घ्यायची असेल आणि हेच हवं असेल, तर फोर्सची गुरखा कंपनीतूनच स्नॉर्केल घेऊन येते.

आज सकाळी वाटी उघडली तेव्हा आत चिमूटभर ओली माती आणि एक मेलेला भुंगा होता. गेज 14 वर आहे. तोरणमाळला जायच्या आधी ब्रीदरच्या नळ्या वर घेतोय, मिस्तरीला शनिवारचं सांगितलंय. या खेपेला क्लॅम्प मीच आवळणार.