बार्न्स फाउंडेशन, फिलाडेल्फिया: रसायनवाल्या डॉक्टरची चित्रं

न्यू जर्सीत मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना लिबर्टी बेल दाखवली की गाडी परत फिरते, आणि बेंजामिन फ्रँकलिन पार्कवेवरचं बार्न्स हे चित्रसंग्रहालय राहून जातं. मी लेकीकडे हट्ट धरून गेले. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि हा संग्रह औषधांच्या रसायनातून उभा राहिलेला.

डॉ. अल्बर्ट बार्न्स याच शहरात १८७२ साली जन्मलेला, कसायाचा मुलगा. हर्मन हिले या जर्मन रसायनज्ञाबरोबर त्याने आर्गिरॉल हे चांदीचं औषध काढलं. नवजात बाळांच्या डोळ्यांत त्याचे थेंब घालत. जन्मताना आईकडून होणारी लागण आणि त्यातून येणारं अंधत्व त्यामुळे टळे. त्या पैशातून चित्रं आली. ती त्याने आधी कारखान्यातच टांगली आणि गोऱ्या-काळ्या कामगारांना कामाच्या वेळेतच वाचन आणि चर्चेसाठी दोन तास दिले. मला हा माणूस इथेच आवडला. १९२२ मध्ये मेरियन उपनगरात त्याने संस्था काढली.

फ्रेंच चित्रकार रेन्वारची १८१ चित्रं, सेझानची ६९, मातिसची ५९! पण आकड्यांपेक्षा मांडणी बघा. चित्राशेजारी नाव नाही, माहितीची पट्टी नाही. भिंतीवर चित्रांच्या मधोमध लोखंडी बिजागऱ्या, कुलपं, कोयंडे. खाली जुनी पेटी किंवा खुर्ची. मुख्य दालनात सेझानचं ‘पत्ते खेळणारे’ खाली, त्याच्यावर सरा या चित्रकाराचं ‘मॉडेल्स’. बिजागरीचा बाक शेजारच्या चित्रातल्या हाताच्या वळणात सापडला, तेव्हा मी लेकीला ओरडूनच दाखवलं. प्रयोगशाळेत दोन नमुने शेजारी ठेवून फरक टिपायला लावतात, तसं हा डॉक्टर डोळ्यांना कामाला लावतो. नावं हवीच असतील तर मोबाईलवर मिळतात. आधी बघा, मग फोन काढा.

उंचावरची छोटी चित्रं मात्र नीट दिसत नाहीत. मांडणी बार्न्सचीच, त्यामुळे ती खाली येणार नाहीत. लहान दुर्बीण असेल तर न्या.

संग्रह मेरियनमधून कधी हलवू नये असं त्याने लिहून ठेवलं होतं. कोर्टाच्या परवानगीने २०१२ मध्ये तो इथे आला, खोल्यांची मापं आणि टांगणी जशीच्या तशी ठेवून. मृत माणसाचा शब्द मोडला हे मला खटकतं. पण माझ्यासारखी बाई इथवर पोचली, तीही त्यामुळेच.

मातिसचं ‘जगण्याचा आनंद’ चुकवू नका. त्यातला कॅडमियमचा पिवळा काही ठिकाणी फिका पडून मळकट पांढरा झालाय. प्रकाश आणि हवेने कॅडमियम सल्फाइडचं ऑक्सिडेशन होतं, हे मी फळ्यावर लिहिलं असेल. इथे ते शंभरहून अधिक वर्षांच्या चित्रावर बघितलं. त्याच्यासमोर मी सर्वांत जास्त वेळ उभी होते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण नोंदणी आधी करा. गर्दी नको असेल तर तिकीट काढून आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळीच जा. खोल्या लहान आहेत.