‘लाइफटाइम’ विंडोज, सातशे रुपये फक्त

आमचे काका इंदूरला रामबागेत घरूनच लग्नामुंजीच्या पत्रिका टाइप करून देतात. मराठी फॉन्टचं त्यांचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच धड चालतं. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला सपोर्ट बंद केला, तरी काका तिथेच राहिले. पोटापाण्याचं काम अडलेलं असलं की माणूस जुनंच वापरणार, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

मग हार्ड डिस्क गेली. जेल रोडकडच्या एका दुकानदाराने नवी बसवली आणि विंडोजचे सातशे वेगळे लावले. “अंकल, ओरिजिनल है, लाइफटाइम का.” बिलावर नुसतं ‘सर्व्हिस’. ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज चालू करून देणारं चोरटं टूल, चालवताना त्याने अँटिव्हायरस बंद केला, आणि नंतरही अँटिव्हायरसने त्या टूलच्या फोल्डरला हात लावू नये अशी सेटिंग करून ठेवली. ही सगळी टुल्स ॲडमिनचे, म्हणजे कॉम्प्युटरवर काहीही बदलण्याचे, अधिकार मागतात. आत आणखी काही दडलेलं असेल तर तेही त्याच अधिकाराने घरात शिरतं.

महिनाभरात सगळ्या फाइलींच्या नावांना चार अक्षरांचं शेपूट लागलं. एक पत्रिका उघडेना. फोल्डराफोल्डरात चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. मेल्यांनी सेल लावला होता! हा ‘स्टॉप’ नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली सॉफ्टवेअरं आणि ॲक्टिव्हेटर यांमधूनच तो मुख्यतः पसरतो. सोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही आणतो, म्हणून आधी फोनवरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलले. खंडणी दिली नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीचं, कुलूप उघडणारं फुकट डिक्रिप्टरही चालवलं, पण ते ऑफलाइन की, म्हणजे व्हायरसमध्येच असलेली सगळ्यांना सारखी किल्ली, असेल तरच उपयोगी. काकांच्या फाइलींना ऑनलाइन की, म्हणजे फक्त त्यांच्या कॉम्प्युटरसाठी बनलेली वेगळी किल्ली, निघाली. पेनड्राइव्हवर होत्या तेवढ्या वाचल्या.

दुकानदार म्हणतो, “आपने ही कुछ डाउनलोड किया होगा.” मी कमांडच्या काळ्या खिडकीत ‘एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलव्ही’ टाकून विंडोजचं लायसन्स पाहिलं. कंपन्यांना एकगठ्ठा मिळणारं व्हॉल्यूम लायसन्स, मुदत १८० दिवस. हे त्याचं लाइफटाइम!

खरा संताप पुढेच. कॅबिनेटच्या कुशीवर मायक्रोसॉफ्टचा स्टिकर, त्यावर विंडोजच्या लायसन्सची २५ अक्षरांची की. कॉम्प्युटर घेतानाच काकांनी तिचे पैसे भरले होते. आता डिस्क पुसून तीच टाकली आहे. नेटची वायर काढली. पत्रिका पेनड्राइव्हवरून जातात, मेल आणि बँक काकूंच्या फोनवर.