तपासून लावा की एकदमच लावा? फाइल सिस्टीममधल्या बिटांचा छोटा पॅच

लिनक्सच्या एखाद्या फाइल सिस्टीमसाठी चार ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासायला येतो. आधी टेस्ट_बिट (बिट लागलाय, म्हणजे १ आहे का ते बघणारं फंक्शन), मग सेट_बिट (बिट लावणारं) अशी जोडी होती, ती काढून दोन्ही एका दमात करणारं एकच टेस्ट_अँड_सेट_बिट घातलंय. सोबत शेरा: ‘फक्त साफसफाई, वागणुकीत फरक नाही.’ होकार द्यायचा का? ‘फरक नाही’ हे शब्द मी तरी पडताळल्याशिवाय मान्य करत नाही.

जोडीत दोन कॉलच्या मधे फट असते. दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कोडचे प्रवाह) एकाच क्षणी बिट शून्य बघतात आणि दोघेही आत शिरतात. काम एकानेच करायचं असेल तर तो सरळ बग आहे. टेस्ट_अँड_सेट_बिट तिथे हवंच, पण मग ती साफसफाई नाही, दुरुस्ती आहे. पाठवणाऱ्याला शेरा तसा बदलायला सांगा, कारण जुन्या आवृत्त्यांत पॅच न्यायचा की नाही हे त्यावरूनच ठरतं.

कधीकधी मात्र जोडी मुद्दाम ठेवलेली असते. बफर-हेडचे (डिस्कवरच्या ब्लॉकची मेमरीतली नोंद) फ्लॅग लावणारे मॅक्रो आधी तपासतात, आणि बिट लागलेला असेल तर लिहीतच नाहीत. कारण तिथल्या कॉमेंटमध्येच आहे: विनाकारण लिहिलं की कॅशे लाइनची (प्रोसेसरच्या कॅशेतला मेमरीचा छोटा तुकडा) महागडी ओढाताण होते. एक्स८६ प्रोसेसरवर टेस्ट_अँड_सेट_बिट म्हणजे ‘लॉक’ उपसर्ग लावलेली सूचना. बिट आधीच १ असला तरी ती कॅशे लाइन स्वतःच्या ताब्यात घेते. शिवाय टेस्ट_अँड_सेट_बिट पूर्ण मेमरी बॅरियरची (आधीची आणि नंतरची मेमरीतली कामं मागेपुढे न होण्याची) हमी देतं, नुसतं सेट_बिट देत नाही. म्हणून बिट बहुतेक वेळा लागलेलाच असतो आणि रस्ता रहदारीचा आहे, अशा ठिकाणी जोडी राहू द्या.

तिसरा पर्याय दोन अंडरस्कोअरवाल्या सेट_बिटचा. हे अॅटॉमिक (मधे कुणी घुसू शकणार नाही असं एकसंध) नाही, त्यामुळे स्वस्त. एक्स्ट४ या फाइल सिस्टीमचा ब्लॉक बिटमॅप (कुठला ब्लॉक वापरात आहे याची नोंद) याचं चांगलं उदाहरण: ४०९६ बाइटचा एक ब्लॉक, त्यात ३२,७६८ बिट, एका बिटामागे एक ब्लॉक, म्हणजे १२८ एमबीचा एक गट. त्या गटाचं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) हातात असतानाच बिट बदलतात, मग अॅटॉमिकचा खर्च कशाला? पण लॉक नसेल तर काय होतं ते बघा. एका ६४ बिटांच्या वर्डमध्ये (प्रोसेसर एकदम वाचतो-लिहितो तो तुकडा) पहिला थ्रेड अंडरस्कोअरवाल्याने ३ नंबरचा बिट लावायला घेतो. वर्ड वाचतो, सगळी शून्यं. तेवढ्यात दुसरा थ्रेड अॅटॉमिक सेट_बिटने ५ नंबर लावून मोकळा होतो. पहिला आपल्या जुन्या प्रतीत ३ लावतो आणि परत लिहितो. ५ पुसला गेला, आणि दुसऱ्याच्या कोडमध्ये कितीही शोधलं तरी चूक सापडणार नाही. म्हणून ग्रेप करताना (कोडमध्ये शब्द शोधताना) फक्त तो बिट शोधू नका, त्या वर्डमधले सगळे बिट कोण, कुठल्या लॉकखाली बदलतं ते शोधा. सगळे एकाच लॉकखाली असतील तर मी अंडरस्कोअरवालाच निवडतो.

डिस्कवरच्या बिटमॅपला आणखी एक अट आहे. तो लिटल-एंडियन (सर्वात कमी किमतीचा बाइट आधी) असतो, म्हणून नावाच्या शेवटी ‘एलई’ असलेली फंक्शनं वापरतात. ‘सोपं करू’ म्हणून कुणी साधं सेट_बिट घातलं, तर एस३९० सारख्या बिग-एंडियन (उलट क्रमाच्या) मशीनवर ० नंबरचा बिट पहिल्या बाइटऐवजी आठव्या बाइटमध्ये पडतो. एक्स८६ वर सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतात, आणि तिकडे भलताच ब्लॉक वापरात असल्याची नोंद होते. ३२ बिटांच्या फील्डचा पॉइंटर अनसाइन्ड लाँगचा म्हणून कास्ट करून, म्हणजे त्याचा प्रकार बदलून, सेट_बिटला दिला, तर ६४ बिटी मशीनवर शेजारचं फील्डही त्याच वाचन-लेखनात ओढलं जातं. पॅचमध्ये असं कास्ट नव्याने आलेलं दिसलं की मी बाकीचं न वाचता परत पाठवतो.