केममॅटर्स: बारावीच्या पुस्तकाशेजारी कसं चालतं?

अमेरिकन केमिकल सोसायटी १९८३ पासून शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी 'केममॅटर्स' हे नियतकालिक काढते. वर्षाला चार अंक, लेख आटोपशीर, चित्रं भरपूर. खरी किंमत मात्र सोबतच्या शिक्षक-मार्गदर्शिकेची. त्यात लेख वाचण्याआधी मुलांनी 'बरोबर की चूक' ठरवायची विधानं असतात. तासाला लेखाच्या प्रती वाटण्यापूर्वी ही विधानं पाच मिनिटं फळ्यावर लिहा. नाहीतर मुलं चित्रं बघतात आणि कागद घडी घालून ठेवतात.

लेख नुसता 'वाचून या' म्हणून दिला तर फुकट जातो. त्यातला एखादा आकडा पुस्तकातल्या सूत्राने पडताळायला लावावा. रस्त्यावरचा बर्फ वितळवणाऱ्या मिठाचा विषय घ्या. मीठ-पाणी जास्तीत जास्त −२१ अंशांपर्यंत द्रव राहतं, तेही मीठ वजनाने २३.३ टक्के असताना. म्हणजे १ किलो पाण्यात सुमारे ३०४ ग्रॅम, मोलॅलिटी (१ किलो पाण्यात विरघळलेले मोल) ५.२. बारावीच्या 'सोल्यूशन्स'मधलं गोठणबिंदू किती उतरतो याचं सूत्र लावलं (मिठाचे २ आयन × पाण्याचा स्थिरांक × मोलॅलिटी) की २ × १.८६ × ५.२ = १९.३ अंश येतात. जवळपास दोन अंशांची ही तफावत का, यावर अर्धा तास सहज जातो. सूत्र विरल द्रावणाचं आहे, ही पुस्तकातली ओळ मुलांना तेव्हा कुठे दिसते.

बर्फाळ रस्ते आपल्या मुलांनी पाहिलेले नाहीत, पण पॉट आइस्क्रीम माहीत आहे. पाणी निथळलेला ३०० ग्रॅम बारीक ठेचलेला बर्फ आणि १०० ग्रॅम मीठ थर्माकोलच्या ग्लासात ढवळा. पारा शून्याखाली भराभर उतरतो. −२१ गाठत नाही, कारण बाहेरची उष्णता आत येतच राहते. बर्फाचे खडे मोठे राहिले तर आणखी अलीकडेच थांबतो. प्रयोगशाळेतला नेहमीचा थर्मामीटर −१० लाच संपतो, तेव्हा −३० पर्यंत खुणा असलेला आधीच मागवून ठेवा.

जुने अंक वापरताना जपून. एअरबॅग म्हटलं की ती फुगवणारा वायू देणारं सोडियम अझाइड, हे जुनं झालं. नव्या गाड्यांत बहुतेक ग्वानिडीन नायट्रेट असतं. तरी अकरावीच्या मोल संकल्पनेसाठी अझाइडचं गणित झकास आहे: १३० ग्रॅम म्हणजे २ मोल, त्यातून ३ मोल नायट्रोजन, ० अंश सेल्सिअस आणि १ अॅटमॉस्फियरला ६७.२ लिटर. १ बार धरलात तर ६८.१. यातलं कुठलं एसटीपी (प्रमाण तापमान आणि दाब) वापरायचं ते आधी सांगा, नाहीतर उत्तरं जुळत नाहीत आणि मुलं एकमेकांची खोडत बसतात. हे फक्त कागदावर. अझाइड अतिशय विषारी आहे, बाटली वर्गात आणायचीच नाही.

उणी बाजू भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिला परिच्छेदच जड जातो, कारण तिथे रसायन कमी आणि अमेरिकन बोलीभाषा जास्त. तो सरळ गाळावा. तापमान अनेकदा फॅरनहाइटमध्ये असतं; ३२ वजा करून ५/९ ने गुणायचं काम मुलांनाच द्यावं. एका घटकाला एक लेख पुरे. सीईटीच्या तोंडावर तोही नको.