घड्याळातला पेस आणि रस्त्यावरचा पेस: आठ महिने वापरून झाल्यावर

जूनच्या पहिल्या आठवड्यात जीपीएस घड्याळ घेतलं आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ पळाले. मधल्या काळात पावसाळा गेला, ऑक्टोबर हीट गेली, पहाटेची थोडीफार थंडीही येऊन गेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते मनगटावरच्या कुठल्याही जीपीएस घड्याळाला लागू आहे. घड्याळ चांगलं आहे आणि घेतल्याचा पश्चात्ताप नाही. पण पेस, म्हणजे एक किलोमीटरला लागणारी वेळ, त्याच्यावर सोपवून चालत नाही. तो आपला आपल्याला काढता यायला हवा, हे मला नीट कळायला चार महिने लागले.

माझं लक्ष्य होतं अडीच तासांच्या आत हाफ. अंतर २१.०९७५ किलोमीटर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १५० भागिले २१.०९७५ केलं, उत्तर आलं ७.११. मी ते सात मिनिटं अकरा सेकंद असं वाचलं आणि दीड महिना त्याच पेसचा सराव केला. चूक इथेच होती. ०.११ म्हणजे मिनिटाचा अकरा शतांश, म्हणजे साडेसहा सेकंद. खरा पेस ७:०६ च्या किंचित वर. ७:११ ने पळाले असते तर २:३१:३३ लागले असते. तेव्हापासून मी सगळं सेकंदांत करते: अडीच तास म्हणजे ९००० सेकंद, भागिले अंतर, ४२६.६ सेकंद, मग त्याची मिनिटं. आमच्या ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, कारण साडेसात मिनिटांना ७:५० समजणारे बरेच भेटलेत.

घड्याळावरचा माझा आंधळा विश्वास शिवाजी पार्कात गेला. कट्ट्याला लागून बाहेरून एक फेरी साधारण १.१७ किलोमीटरची होते. ऑगस्टमधल्या एका सकाळी मी ठरवून प्रत्येक फेरी ८:१९ ला पूर्ण करत होते. सुरुवात आणि शेवट एकाच गेटच्या खांबाशी, बटण हाताने दाबून. पाच फेऱ्या झाल्या. वेळेत दोन-तीन सेकंदांचा फरक, पण घड्याळात एक फेरी १.१४ किलोमीटर आणि दुसरी १.२१. म्हणजे एकीचा पेस ७:१८ आणि दुसरीचा ६:५२. पाय तेच, रस्ता तोच, दमही तेवढाच लागलेला. फेरी मोठी की छोटी हे त्या दिवशी फक्त वरच्या झाडांच्या पानांनी ठरवलं होतं.

कारण समजून घेतल्यावर राग गेला. घड्याळ आपली जागा उपग्रहांच्या सिग्नलवरून काढतं आणि एका जागेपासून पुढच्या जागेपर्यंतचं अंतर जोडत जातं. दाट झाडी असेल, दोन्ही बाजूंना टॉवर असतील, तर सिग्नल अडतो किंवा भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि आपली जागा काही मीटर इकडेतिकडे सरकते. लोअर परळला टॉवरच्या मधून जाताना माझा पेस ५:१० दाखवून पुढच्याच क्षणी ८:४० वर गेलेला आहे. मरीन ड्राइव्हवर मात्र एका बाजूला समुद्र आणि वर मोकळं आकाश, तिथे हेच घड्याळ शहाण्यासारखं वागतं. म्हणून 'आत्ताचा पेस' हा आकडा मी स्क्रीनवरून काढूनच टाकला. आता तिथे फक्त चालू लॅपचा, म्हणजे मागचं बटण दाबल्यापासूनच्या टप्प्याचा, पेस आणि एकूण वेळ असते.

दुसरी गोष्ट ऑटो-पॉझ. सिग्नलला थांबलं की घड्याळही थांबतं, आणि मुंबईत सिग्नल कमी आहेत का! दादरहून वरळी सी फेसला जाऊन येत १६ किलोमीटर केले तेव्हा घड्याळाने १ तास ५६ मिनिटं धरली, म्हणजे ७:१५ चा पेस. घरातून निघून घरात परत यायला लागले होते २ तास ५ मिनिटं, म्हणजे ७:४९. प्रत्येक सिग्नलला श्वास घ्यायला मिळालेली ती नऊ मिनिटं शर्यतीत कोणी देत नाही. हे सेटिंग आधी बंद करा.

जुलैत पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, तेव्हा जिमच्या ट्रेडमिलवर पळावं लागलं. तिथे आकडा ताशी किलोमीटरमध्ये येतो. ६० ला त्या आकड्याने भागायचं: ८ म्हणजे ७:३०, ८.५ म्हणजे ७:०४, ९ म्हणजे ६:४०, १० म्हणजे ६:००. केनियाचा धावपटू केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, २:००:३५ मध्ये पूर्ण केले. ट्रेडमिलच्या भाषेत तो वेग ताशी २१ होतो, आणि एवढा वेग मी पाहिलेल्या कुठल्याच जिमच्या मशिनवर नव्हता. हे गणित केल्यावर त्या माणसाबद्दलचा आदर वेगळ्याच पातळीवर जातो.

आता दमटपणाबद्दल, कारण मुंबईत पेसचं सगळं गणित तिथे येऊन अडतं. हवेतच पाणी भरलेलं असलं की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही. मग तोच पेस ठेवायला हृदयाला जास्त काम करावं लागतं. माझ्या नोंदींत मिनिटाला १४५ ठोक्यांवर जूनमधला पेस ८:१५ आहे आणि जानेवारीतला ७:३५. मधल्या काळात तब्येत सुधारली हे खरं, पण सगळा फरक तिचा नाही. नोव्हेंबरमध्ये दोन दिवस मळभ येऊन हवा चिकट झाली, तेव्हा पेस लगेच पंचवीस सेकंदांनी घसरला होता.

जून-जुलैत मी हे मान्य करत नव्हते. सरावाच्या तक्त्यात इझी पेस, म्हणजे आरामात पळायचा पेस, ७:५० लिहिलाय म्हणजे ७:५०, म्हणून मी ओढत राहिले, आणि रोज घरी येऊन ऑफिसला जायचं त्राण उरत नव्हतं. ग्रुपमधले एक काका, वय पासष्टच्या पुढे, एका रविवारी माझ्या बाजूने पळत होते. म्हणाले, "ताई, काल जेवायला काय केलं होतंत?" मी "भाजी..." एवढं म्हणून थांबले, पुढचं वाक्य येईना. "मग हा इझी पेस नाही," ते म्हणाले आणि स्वतः हळू झाले, म्हणजे मलाही हळू व्हावं लागलं. तेव्हापासून पावसाळ्यातले इझी रन मी पेसवर नाही, बोलण्यावर केले. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, मग घड्याळ ८:३० दाखवो की ८:४५. सप्टेंबरअखेर माझं पोटरीचं दुखणं बंद झालं होतं.

डिसेंबरमध्ये १० किलोमीटर पूर्ण जोर लावून पळाले. ६८ मिनिटं. शर्यतीच्या वेळेचा अंदाज काढायच्या पीटर रिगेल यांच्या सूत्राने, म्हणजे अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घेऊन त्याने ६८ ला गुणून, हाफची वेळ आली २:३०:०२. दोन सेकंदांनी लक्ष्य हुकत होतं! अंतर वाढलं की पेस किती उतरतो ते हे सूत्र सांगतं: १० किलोमीटरचा माझा ६:४८ चा पेस हाफला ७:०६ होतो. पण लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचे सराव, झालेले असतील तरच ते खरं ठरतं. माझे १८ किलोमीटरपर्यंतचे झाले होते, म्हणून विश्वास ठेवला. घड्याळ स्वतः जो अंदाज सांगत होतं तो २:२१ होता, आणि तो मी सोडून दिला.

शर्यतीच्या आदल्या रात्री कागदी चिकटपट्टीवर बॉलपेनने चार टप्प्यांच्या वेळा लिहिल्या आणि मनगटावर गुंडाळल्या. ५ किलोमीटरला ३५:३३, १० ला १:११:०६, १५ ला १:४६:३९, २० ला २:२२:१२. घामाने शाई पसरेल म्हणून वरून पारदर्शक टेप. घड्याळ ऑटो-लॅपवर, म्हणजे त्याचं त्याला किलोमीटर मोजू देऊन, न ठेवता प्रत्येक किलोमीटरच्या पाटीशी हाताने बटण दाबलं. एरवी जिथे पायी पाऊल ठेवता येत नाही त्या सी लिंकवर अंधारात हजारो पायांचा आवाज येत होता, आणि माझ्या पुढचे बरेच जण सुटले तसे सुटलेच होते. मी पट्टीकडे बघून स्वतःला आवरून पळत राहिले. ५ च्या पाटीशी ३५:४०. घड्याळ मात्र ५.०८ किलोमीटर झाले म्हणत होतं.

हा फरक वाढत जातो. शर्यतीचा मार्ग मोजताना वळणावर कडेला चिकटून जाणारी सगळ्यात छोटी वाट धरतात. आपण गर्दीला वळसे घालत, पाण्याच्या टेबलाकडे जात-येत पळतो. शिवाय घड्याळाची स्वतःची चूक. शेवटी माझ्या घड्याळात २१.३८ किलोमीटर भरले. घड्याळाच्या पेसवर ७:०६ धरून चालले असते तर तेवढ्या अंतराला २:३१ च्या वर वेळ गेली असती आणि मला ते अंतिम रेषेवरच कळलं असतं. पेडर रोडच्या चढणीला पस्तीस सेकंद गेले, ते आधीच धरलेले होते, आणि चौपाटीकडे उतरताना त्यातले निम्मे परत मिळाले. चिपची वेळ, म्हणजे सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची, २:२९:२१. घड्याळाने दाखवलेला पेस ६:५९, खरा ७:०५.

तक्रारी दोनच. पट्ट्याखाली घाम साचून मनगटावर पुरळ येतं, रोज धुवावा लागतो. आणि पावसाच्या धारेत टचस्क्रीन वेडी होते, म्हणून घेणार असाल तर बटणांचं घ्या.

पुढचं लक्ष्य २:२०. पेस ६:३८, आणि रिगेलच्या हिशोबाने १० किलोमीटर साडेत्रेसष्ट मिनिटांत यायला हवेत. सध्या ६६ वर आहे, आणि मार्च-एप्रिलचा उकाडा यायचाय.