सोसायटीसाठी शिडी: बांबू, अॅल्युमिनियम की फायबर?

आमच्या सोसायटीची बांबूची शिडी किती वर्षांची होती कुणास ठाऊक. एक पायरी सुतळीने आवळलेली, वरून तेलरंगाचा हात. नवी घ्यायची ठरली तेव्हा तो रंग खरवडला, तर खाली बोटभर लांब चीर. लाकडाची किंवा बांबूची शिडी रंगवू नये ती यासाठीच. बांबू स्वस्त खरा, पण ओला झाला की त्यातून वीजही जाते. आम्ही तो बादच केला.

अॅल्युमिनियमची शिडी हलकी. वॉचमन एकटा खांद्यावर टाकून गच्चीवर नेतो. टाकीत डोकावायला, जळमटं काढायला झकास. पण सोसायटीत शिडी निघते ती बहुधा ट्यूब बदलायला नाहीतर गणपतीच्या माळा लावायला, आणि अॅल्युमिनियमच्या तर विजेच्या तारा करतात!

फायबरग्लास महाग आणि जड. सतत उन्हात राहिली तर वरचा थर झिजून तंतू उघडे पडतात. वीज अडवते तीही स्वच्छ आणि कोरडी असेल तरच. तरीही एकच शिडी घ्यायची तर मी हीच घेईन. लेबलवरची क्षमता बघा: युरोपीय ईएन १३१ मानकात ती १५० किलो असते, आणि त्यात माणसासोबत ड्रिल, डबे, सगळं धरायचं.

टेकवायची की घडीची? गच्चीवर चढायला टेकवायची. टेकण्याची जागा ४ मीटर उंच असेल तर पाया भिंतीपासून १ मीटर लांब, आणि शिडीचं टोक कठड्याच्या वर मीटरभर. खोलीतल्या कामाला घडीची, जिला बरेचजण घोडा म्हणतात. ती पूर्ण उघडून, कड्या लावूनच वापरायची. आमचे एक काका ती मिटवून भिंतीला टेकवतात आणि चढतात. पाय धड टेकत नाहीत, कधी सटकेल याचा नेम नाही. बाजूच्या भिंतीला ड्रिल मारतानाही घोडा आडवा होतो, म्हणून तोंड कामाकडे हवं.

बाहेरची भिंत रंगवायची असेल तर शिडीच नको. ब्रिटनचं सुरक्षा खातं शिडीवर सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त काम नको म्हणतं. परांची भाड्याने आणा. चाकांची असेल तर ब्रेक लावूनच चढायचं, आणि वर माणूस असताना ती ढकलायची नाही.

जुनी शिडी आम्ही करवतीने कापली. कोपऱ्यात ठेवली असती तर दिवाळीत कुणीतरी काढलीच असती.